पाणथळ जागेत पॅरा गवत: लावायचं कसं आणि आवरायचं कसं

आमच्या घराच्या खालच्या अंगाला व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून बारा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. आजोबांच्या वेळी त्यात वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात व्हायचं, मग घरातली माणसं एकेक करत मुंबईला गेली, लावणीला हात कमी पडले आणि तुकडा पडूनच राहिला. पावसात तिथे गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत घोटाभर चिखल आणि मार्च उजाडला तरी टाच दाबली की पाणी वर येतं. अशा जागेत करायचं काय हा प्रश्न कोकणात जवळपास प्रत्येक वाडीत आहे, आणि दोन म्हशी दावणीला असतील तर उत्तर पहिल्यांदा चाऱ्याकडेच जातं.

मीही तेच केलं, पण चुकीच्या गवताने सुरुवात केली. यूट्यूबवर व्हिडिओ बघून हत्ती गवताची, म्हणजे संकरित नेपिअरची ठोंबं आणली, जात फुले जयवंत, आणि मृगाच्या पावसात मोठ्या हौसेने त्या तुकड्यात लावली. पंधरा दिवस छान फुटवे दिसले, मग पुनर्वसूचा पाऊस लागला आणि जुलै संपेपर्यंत एकेक ठोंब हाताने उपटलं तर खालून काळं, लिबलिबीत, आणि वास तर विचारू नका. जातीचा काही दोष नाही हां, तेच गवत आमच्या चुलत्यांच्या वरकस, म्हणजे उताराच्या, निचऱ्याच्या जागेत पुरुषभर उंच झालं. नेपिअरला पाणी लागतं पण पाणी साचलेलं चालत नाही, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

त्याच तुकड्यात आता गेली काही वर्षं पॅरा गवत आहे, आणि नवीन लोक सारखं विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी हे गवत आहे काय ते बघा. शास्त्रीय नाव ब्रॅकिआरिया म्यूटिका, हल्लीच्या पुस्तकांत युरोक्लोआ म्यूटिका असंही सापडेल, दोन्ही एकच. मूळचं आफ्रिकेतलं, पण नाव पडलं ब्राझीलमधल्या पारा राज्यावरून, ॲमेझॉन जिथे समुद्राला मिळते तो भाग. म्हणजे पाणी त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. हे ठोंबासारखं एका जागी वाढत नाही, जमिनीवरून लांब धावती कांडी सोडतं, त्या कांडीच्या प्रत्येक पेराला ओल लागली की मूळ फुटतं आणि तिथून नवीन फुटवा उभा राहतो. धावती कांडी चार-पाच मीटरपर्यंत सहज जाते, उभा फुटवा कमरेएवढा ते छातीएवढा. ओळखायची खूण म्हणजे पेरांवर पांढरी लव असते, पानाच्या आवरणावरही केस असतात, आणि कापताना ते उघड्या हाताला चांगलेच खाजतात, म्हणून फुल बाह्यांचा जुना शर्ट आत्ताच बाजूला काढून ठेवा. एकदा लागलं की वर्षानुवर्षं राहतं, दरवर्षी पेरायची भानगड नाही.

आणि हीच त्याची अडचणसुद्धा आहे. मी पहिल्यांदा कांड्या घेऊन आलो तेव्हा शेजारचे आबा मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून बघत होते, म्हणाले, "लावतंस तां खरां, पण मगे काढतलंस कसां?" तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच भाताच्या कुणग्यात माझ्या गवताची कांडी शिरली तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणून माझं सांगणं असं की हे गवत वाढवायला फार अक्कल लागत नाही, ती खर्च करायची जागा निवडताना आणि काठ सांभाळताना. त्यामुळे पहिली पायरी सगळ्यात लांब आहे, कंटाळू नका.

पहिली पायरी, जागा

भर पावसात, आषाढात, इरलं किंवा रेनकोट घालून त्या जागेत जाऊन उभे राहा. उन्हाळ्यात बघितलेली जागा आणि जुलैतली जागा यांचा काही संबंध नसतो. तीन गोष्टी बघायच्या. पाणी येतं कुठून, किती साचतं, आणि जातं कुठे. घोटाभर ते गुडघ्याच्या खाली पाणी राहत असेल तर उत्तम, काही दिवस त्याहून जास्त चढलं तरी रुजलेलं गवत तग धरतं, शेंडे पाण्यावर राहिले म्हणजे झालं. पण व्हाळ फुगून जोराचा लोंढा जिथून जातो तिथे लावू नका, एक तर कांड्या वाहून जातात आणि दुसरं म्हणजे त्या वाहून जिथे अडकतील तिथे रुजतात.

हा वाहून जायचा मुद्दा जरा मनावर घ्या. ऑस्ट्रेलियात हे गवत चाऱ्यासाठीच नेलं होतं, आज काकाडू नॅशनल पार्कच्या पाणथळ मैदानांत ते तिथलं मूळचं गवत दाबून पसरलंय आणि काढता काढता त्यांच्या नाकी नऊ आलेत. आपल्याकडे व्हाळाला, पऱ्ह्याला, पाटाला हे लागलं तर पावसात पाणी तुंबून वरच्या बाजूच्या भातात घुसणार, आणि मग गावकीच्या बैठकीत तुमचं नाव निघणार. तेव्हा तुमच्या तुकड्याचं पाणी थेट व्हाळात उघडत असेल तर मध्ये निदान दहा-बारा फुटांची पट्टी मोकळी सोडा आणि पाण्याच्या तोंडाला बांबूची कुडाची जाळी लावा. मी बारापैकी दहाच गुंठे लावलेत, दोन गुंठे काठाला मोकळे. सुरुवातीला जीव तुटतो जागा सोडताना, पण सोडाच.

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, लोकांसाठी एक सांगतो. थोडं मचूळ पाणी या गवताला चालतं, पण भरतीचं खारं पाणी रोज आत येत असेल तर नाही जमायचं. बांध धड आहे, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन जातं, अशा खाजणात एका कोपऱ्यात आधी शंभर कांड्या लावून बघा. माडाखाली थोडी सावली असली तरी होतं, मात्र पोफळीच्या बागेत लावू नका, सावली जास्त पडते आणि पाटात शिरून पाटच बुजवून टाकतं. गोठ्याचं धुवण आणि न्हाणीचं पाणी जिथे जाऊन साचतं तो कोपरा मात्र याच्यासाठीच आहे असं समजा, गवत काळंभोर हिरवं होतं.

भात होतंय अशा कुणग्यात हे लावू नका. एकदा लावलं की ते परत भाताखाली आणायला दोन उन्हाळे जातात.

किती लावायचं, जरा हिशोब

पुस्तकी उत्पादन हेक्टरी वर्षाला ८० ते १०० टन हिरवा चारा, म्हणजे गुंठ्याला साधारण ८०० ते १००० किलो, तेही खत-पाणी वेळेवर दिलं तर. वर्षात सहा ते नऊ कापण्या मिळतात. मी सात धरतो आणि गुंठ्याला ९०० किलो धरतो, म्हणजे एका कापणीला गुंठ्यामागे १३० किलोच्या आसपास. आता माझ्या दहा गुंठ्यांचे मी दोऱ्या लावून चाळीस पट्टे पाडलेत, रोज एक पट्टा म्हणजे पाव गुंठा कापायचा, ३०-३२ किलोचा भारा होतो, दोन म्हशींना पंधरा-पंधरा किलो हिरवं आणि बाकी भाताचा पेंढा. चाळिसाव्या दिवशी पहिला पट्टा परत तयार. निव्वळ हिरव्यावरच म्हैस ठेवायची म्हटलं तर एकीलाच दहा-बारा गुंठे लागतील. दोन गुंठ्यांत दोन म्हशी सांभाळा असं कुणी सांगितलं तर त्याला म्हशी दाखवायला सांगा.

दुसरी पायरी, कांड्या

बियाणं शोधत बसू नका. याचं बी धरतं कमी आणि रुजतं त्याहून कमी, सगळी लागवड कांड्यांवरच होते. कांड्या मिळतात त्या आधीच लावलेल्या शेतकऱ्याकडे, नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, रायगडवाल्यांना रोहा, रत्नागिरीवाल्यांना लांजा, सिंधुदुर्गवाल्यांना किर्लोस, आणि दापोलीला कृषी विद्यापीठ आहेच. आधी फोन करून जा, तिथेही कापणी झालेली असली तर रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

कांडी तीन महिन्यांच्या वरची, पिकलेली, बोटाला टणक लागणारी घ्या. शेंड्याकडची कोवळी लुसलुशीत कांडी दिसायला भारी पण चिखलात चार दिवसांत कुजते. तीन पेरांची, साधारण एक वीत किंवा थोडी जास्त लांब कापायची, कोयता धारदार हवा, चेचलेलं टोक कुजतं. पानं खुडून टाका. नुसतं पानांसकट भारा बांधून आणला तर आत गरम होतो, हे मी अनुभवाने सांगतोय, पहिली गोणी मी बसच्या मागच्या सीटखाली टाकून चार तास प्रवास करून आणली, घरी येऊन हात घातला तर आत भाकरीच्या तव्यासारखी ऊब. निम्म्या कांड्या गेल्या. तेव्हा ओल्या गोणपाटात सैल गुंडाळा, सावलीत ठेवा, आणि लगेच लावणं जमत नसेल तर एक रात्र पाटाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, वरून दगड ठेवा नाहीतर सकाळी शोधत बसाल.

दोन फूट बाय दीड फूट अंतराने गुंठ्याला साडेतीनशे-पावणेचारशे जागा होतात. जागेवर एकेक कांडी पुरते, पण नवीन माणसाने दोन-दोन लावाव्यात, म्हणजे सातशेच्या वर कांड्या धरा. घाई नसेल तर आणखी स्वस्तातली युक्ती म्हणजे पहिल्या वर्षी फक्त एक गुंठा लावा आणि पुढच्या वर्षी त्याच्याच कांड्यांनी बाकीचं भरून काढा. मी तसंच केलं, आणि त्या एका वर्षात पाणी कुठे किती चढतं तेही नीट कळलं.

तिसरी पायरी, वेळ

सगळीकडे लिहिलेलं असतं जून-जुलैत लावा. देशावर ठीक आहे ते. कोकणात जुलैमध्ये पाणथळ जागेत कांडी लावणं म्हणजे व्हाळाला दान देणं. दोन वेळा चांगल्या. एक, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी असेल तर मेच्या मध्यापासून रोहिणी लागेपर्यंत, म्हणजे जोराचा पाऊस येईपर्यंत मुळं पकड घेतात. दुसरी, हस्ताचा पाऊस ओसरतो तेव्हा, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, चिखल लोण्यासारखा असतो, पाणी उतरतीला लागलेलं असतं, ऊन मिळतं. माझं मत दुसऱ्या वेळेकडे झुकतं. घाटावर थंडीत हे गवत झोपी जातं, आपल्याकडे किनाऱ्याला थंडी म्हणजे पहाटेची शाल, त्यामुळे ऑक्टोबरची लागवड थांबत नाही.

चौथी पायरी, जमीन आणि लावणी

आधी असलेलं लव्हाळं, बाकीचं तण, काय असेल ते कापून मुळासकट काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळलं तर पहिले दोन महिने गवत कुठलं आणि तण कुठलं तेच कळत नाही. मग भाताला करतो तशी चिखलणी, पॉवर टिलर मिळाला तर एका सकाळचं काम, नाहीतर कुदळीने. अगदी गुळगुळीत चिखल करायची गरज नाही. गुंठ्याला १०० ते १५० किलो कुजलेलं शेणखत, म्हणजे सात-आठ घमेली, चिखलात मिसळून टाका. ताजं शेण नको, पाण्यात ते फुगतं आणि कांड्या जळतात.

लावताना पाणी बोटभरच ठेवा. कांडी तिरपी धरायची, दोन पेरं चिखलात आणि एक पेर वर, डोळा वरच्या बाजूला, आणि अंगठ्याने बाजूचा चिखल दाबून घ्यायचा. भाताच्या आवणासारखी सरळ उभी खोचली तर पाणी हललं की वर येते. ज्यांना वाकणं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी पद्धत, कांड्या चिखलावर सरळ पसरून टाकायच्या आणि पायाने तुडवत जायचं, आमच्याकडे पोरांना हे काम दिलं की ती अख्खी दुपार आनंदात करतात. यात कांड्या जास्त लागतात, दीडपट धरा, पण लागतं नक्की.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक कांडी हळूच उपसून बघा. चिखलातल्या पेराला आधी गव्हाच्या दाण्याएवढा फुगवटा दिसतो आणि त्याच्या भोवती पांढरी, शेवईसारखी बारीक मुळं, वरच्या पेराला हिरवी टोकदार कोंब. हे दिसलं म्हणजे तुमचं काम झालं. ती कांडी परत तशीच खोचा, तिला काही होत नाही. आणि मुळं न दिसता पेर तपकिरी, मऊ झालं असेल तर पाणी जास्त झालंय, बांधाचं तोंड उघडून उतरवा आणि दहा दिवसांत गेलेल्या जागा भरून घ्या.

पहिले दीड-दोन महिने तण काढा, दोनदा पुरे. पुढे हे गवत स्वतःच बाकीच्यांना जागा देत नाही.

पाचवी पायरी, कापणी

पहिली कापणी अडीच महिन्यांनी, ७५-८० दिवसांनी. त्याआधी मोह होतो, म्हशी ओरडत असतात आणि समोर हिरवंगार दिसत असतं, पण मुळं बसू द्या. नंतर दर ३०-४० दिवसांनी. पावसात तीस, थंडीत चाळीस-पंचेचाळीस. त्याहून जास्त ठेवलं तर खालची कांडी लाकडासारखी होते, म्हैस शेंडे खाते आणि बाकी गव्हाणीत तुडवते.

जमिनीपासून चार ते सहा इंच वर कापा, आणि पाणी साचलेलं असेल तर पाण्याच्या वर. हे का ते नीट वाचा, कारण इथेच नवीन माणूस फसतो. पाणथळ जागेत गोगलगाई असतात आणि त्यांच्यातून यकृतकृमीची पिल्लं बाहेर पडून पाण्याच्या पातळीला असलेल्या गवताच्या देठाला चिकटून बसतात. ते गवत जनावराने खाल्लं की कृमी थेट यकृतात. जनावर खातंय पण अंगी लागत नाही, दूध आटतंय, आणि जबड्याखाली पाण्याची सूज लोंबायला लागली तर समजा. आमच्या एका म्हशीला झालं होतं, मला वाटलं खाताना तोंडाला काही लागलं असेल, आठवडा गेला त्यात. पशुवैद्यकाने शेण तपासलं तेव्हा कळलं. नेहमीचं जंताचं औषध याला चालतंच असं नाही, वेगळं असतं, म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणू नका, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डॉक्टरांना विचारून द्या. आणि बुडालेला भाग कापून आणायचाच नाही. कापलेलं गवत अर्धा दिवस, ऊन असेल तर उन्हात, नाहीतर पडवीत पसरून सुकवून घाला, त्यात पाणी खूप असतं, सरसरीत ओलं घातलं तर शेण पातळ होतं आणि गोठा झाडणाऱ्या घरच्या माणसाचे शब्द ऐकावे लागतात.

जनावरं थेट आत चरायला सोडू नका. चिखलात खुरांनी कांड्या तुटतात, खड्डे पडतात, आणि वरचा कृमीचा धोका दुप्पट. कापून आणून घालायचं हे गवत आहे.

चाऱ्याबद्दल अजून दोन गोष्टी. यात प्रथिनं फार नाहीत, कोवळं असताना बरी, जून झालं की घसरतात. त्यामुळे नुसत्या याच्यावर दूध वाढेल ही आशा ठेवू नका. मी बांधावर शेवरी आणि गिरीपुष्प लावलंय, दोन्ही खाली ओल असली तरी मेरेवर मजेत वाढतात, त्याचा पाला भाऱ्यात मिसळतो. गिरीपुष्पाचा पाला जनावर आधी नाकारतं, वासामुळे, थोडा सुकवून आणि मुठीमुठीने सुरू केला की आठवड्याभरात खायला लागतं. दुसरं, या गवतात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम अडवतं, म्हणून पेंढा मिसळणं आणि खनिज मिश्रण रोज देणं, दुभत्या म्हशीला तर नक्कीच.

खताचं

प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो युरिया. पण पाणी वाहतं असताना टाकलेला युरिया अरबी समुद्राला पोचतो, गवताला नाही. बांधाचं तोंड बंद करून, पाणी उतरवून, चिखल ओला असताना टाका आणि दोन-तीन दिवस पाणी सोडू नका. आषाढ-श्रावणात ते जमत नाही तेव्हा मी टाकतच नाही, गोठ्याचं धुवण पाटाने सोडतो, बस्स. युरिया टाकल्यावर तीन आठवडे तरी तो पट्टा कापू नका, ढगाळ हवेत गवतात नायट्रेट साठून राहतं आणि ते जनावराला बाधतं. माझ्या चाळीस पट्ट्यांच्या पद्धतीत हे आपोआपच सांभाळलं जातं.

तुमच्या स्वतःच्या अंगाचं

गमबूट. हा शब्द एकटाच पुरेसा आहे पण तरी सांगतो. साचलेल्या पाण्यात उंदराचं, गुराचं मूत मिसळतं, पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो, आणि आपल्या पट्ट्यात लेप्टोने माणसं गेलेली सगळ्यांना माहीत आहेत. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं, असं काही झालं तर "पावसातला ताप" म्हणून काढा पीत घरी बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम करतो हे आधी सांगा. पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्यांना आधीच गोळी घ्यायची का तेही तिथेच विचारा. जळवा लागतात, त्यांना तंबाखूचं पाणी की मीठ यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आणि गवत दाट झालं की त्यात जनावर असतं, म्हणजे सरपटणारं, बहुतेक वेळा पाणदिवडच, पण कापायच्या आधी काठीने चाळवून घ्यायला मिनिटसुद्धा लागत नाही.

सहावी पायरी, काठ

ही पायरी कधीच संपत नाही. प्लॉटच्या भोवती दीड फूट रुंद चर काढा आणि दर पंधरा दिवसांनी, पावसात दर आठवड्याला, चरावरून पलीकडे आलेली प्रत्येक कांडी कापा. नुसती परत आत ढकलली तर ती तिथून पुन्हा येते. ज्या बाजूला शेजाऱ्याचं भात आहे त्या बाजूला मी जुने चिरे उभे गाडलेत, खाली वीतभर आणि वर वीतभर, चरापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो, कारण कांडी चिऱ्यावर चढते तेव्हा ती डोळ्याला दिसते. आबांच्या कुणग्यात शिरलेलं मी स्वतः चिखलात बसून काढलं, दोन दिवस लागले, आणि तेव्हा कळलं की ओल्या चिखलातून हे ओढून सहज निघतं पण प्रत्येक तुटका तुकडा मागे राहिला की परत उगवतो, म्हणून ओढताना झटका द्यायचा नाही, दोरी गुंडाळतो तसं हळूहळू ओढत यायचं. काढलेल्या कांड्या बांधावर टाकू नका, व्हाळात तर चुकूनही नाही, वर कातळावर नेऊन टाका, मेच्या उन्हात आठ दिवसांत कुरकुरीत होतात. पाण्याजवळ तणनाशक मारू नका, खालच्या वाडीतले लोक त्याच व्हाळाचं पाणी वापरतात.

उन्हाळ्यात ओल गेली की गवत पिवळं पडून बसतं. मेलं असं वाटतं पण मेलेलं नसतं, पहिल्या सरींना फुटतं. पाणी असेल तर आठ-दहा दिवसांनी एकदा भिजवा, एप्रिल-मेमध्येही कापणी मिळते आणि तेव्हा तर पेंढ्याची उडवी संपत आलेली असते, तेव्हाच्या हिरव्या भाऱ्याची किंमत घरातल्या सगळ्यांना कळते.

तीन-चार वर्षांनी कांड्यांचा थर एवढा जाड होतो की पाय टाकला तर गादीवर चालल्यासारखं वाटतं आणि कोवळे फुटवे कमी येतात. मग मे महिन्यात निम्म्या प्लॉटमध्ये नांगर घालायचा, उलटलेल्या कांड्या गोळा करून बाहेर काढायच्या, शेणखत टाकायचं आणि पावसावर सोडून द्यायचं, राहिलेल्या तुकड्यांतूनच नवीन गवत येतं, वेगळी लावणी नको. उरलेला निम्मा पुढच्या मेला. या वर्षी माझा खालचा भाग उलटायचा आहे, पाच-सहा गोणी कांड्या निघतील. कुणाला हव्या असतील तर मेच्या पहिल्या आठवड्यात गोणपाट घेऊन या, पण येताना तुमच्या तुकड्याचं पाणी कुठे जातं ते बघून या, मी विचारणार आहे. पंधरा तारखेनंतर उरलेलं सगळं कातळावर जाईल.